गाठ

परवानगीचा शिक्का माझ्या खणात असतो.
एकोणीस वर्षं झाली. रबर झिजून
गावाच्या नावातलं एक अक्षर उडालंय,
कुणी विचारत नाही.

नेलिदा वार्काया आली ती सकाळी,
बाहेर समुद्रावरचं धुकं, बुटांना चिखल,
काखेत नकाशांची गुंडाळी.
म्हणाली, मातीचं घर. दोन खोल्या.
धरणी हलली तरी उभं राहील असं.

मी म्हणालो, बाई, नियमावलीत माती नाही.
सिमेंट आहे, सळई आहे, भाजलेली वीट आहे.
मातीला आमच्याकडे रकाना नाही.

ती म्हणाली, रकाना नसलेल्या घरांत
निम्मं गाव झोपतं.

खरं होतं. मीही.

नकाशात भिंत होती आणि भिंतीवर दोर,
नायलॉनचा, उभा-आडवा, आतून बाहेरून,
लांबच्या नातेवाइकाला फराळ पाठवताना
खोकं बांधतात तसा.
मला हसू आलं. तिला नाही.

पहिली चाचणी लिमाला झाली.
एउसेबिओ कोरीनं आपल्या हातानं रचलेली
अख्खी खोली, हलत्या फलाटावर.
तिसाव्या सेकंदाला कोपरा उघडला
आणि भिंत मांडी घालून बसावी तशी खाली बसली.
दोर तुटला नव्हता.
गाठ सुटली होती.

प्राध्यापक म्हणाले, पोलादी ताणपट्ट्या लावा.
एका पट्टीची किंमत
एउसेबिओच्या दीड दिवसाची मजुरी.
आणि लागणार होत्या दोनशे चाळीस.
तिनं कोऱ्या कागदावर गुणाकार केला,
कागद खिशात घातला
आणि बस पकडून कोळ्यांच्या वस्तीवर गेली.

तिथं तेओफिला चुंबेस जाळं सांधत बसलेली,
सुनेच्या तक्रारी सांगत,
बोटांकडे न बघता.
एक वेढा, खालून एक, मग अंगठ्याचा झटका.
ओढ लागली की आणखी घट्ट होणारी,
तिच्या आजेसासूकडून आलेली गाठ.

पुन्हा, नेलिदा म्हणाली.
पुन्हा.
अकराव्यांदा तेओफिला वैतागली,
शिकलेली ना तू? मग एवढं कसं कळेना?
नेलिदानं वही उघडली. चित्र काढलं.
म्हातारीनं ते दूर धरून बघितलं,
म्हणाली, उलटी काढलीस. मी डावखुरी आहे.

दुसऱ्या चाचणीचं मला एउसेबिओनंच सांगितलं.
फलाट हलला. भिंतीला भेगा पडल्या,
इकडून तिकडे, वाळल्या तळ्याच्या तळासारख्या.
माती सुटी झाली आणि सुटली नाही.
दोरानं तिला धरून ठेवलं,
गर्दीत लेकराचं मनगट धरावं तसं.
फलाट थांबल्यावर, कुणी जा म्हणालं नव्हतं,
तो टोपी काढून आत गेला,
जमिनीवर बसला
आणि खिशातलं संत्रं सोलून खाल्लं.
बाहेर इंजिनियर ओरडत होते.

फाइल परत माझ्या टेबलावर.
पान सात: गाठीचं चित्र, सहा पायऱ्यांत,
डाव्या हातासाठी आणि उजव्या हातासाठी वेगळं.
खाली बारीक अक्षरात तेओफिलाचं नाव,
नेलिदाच्या स्वतःच्या नावाइतक्याच मापात.
मी हे कधी बघितलं नव्हतं.
नकाशावर सही असते ती एकाचीच.

ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी
भावाला बाहेर काढताना माझ्या नखांत माती गेली होती.
ती कुठल्या रकान्यात लिहायची
हे मला कुणी शिकवलं नाही.

‘इतर’ असा एक रकाना होता, शेवटी.
तिथं पेन्सिलीनं लिहिलं: माती.
मग पेन घेऊन त्यावरून गिरवलं.
शिक्का मारला. उडालेलं अक्षर
हातानं भरलं.

ती गुंडाळी आवळत दाराशी पोचली तेव्हा
मी विचारलं, कामातलंच काही विचारावं तसं,
माझी खोली साडेतीन बाय चार आहे,
दोर साधारण किती मीटर लागेल?