चेकिंग टेबल

अकरा वर्षं टॉवेल तपासते मी
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, ट्यूबलाइटखाली.
तुटलेला धागा, सुटलेली गाठ, तेलाचा डाग,
बोटाच्या आधी डोळा पोचायचा.

माघात एक पीस परत आला.
अंबादास मुकादम काही बोलला नाही,
टेबलावर पसरून
फक्त किनारीजवळ नख ठेवलं त्याने.
चार बोटं धागाच नव्हता तिथे.
मी पाहिलं.
म्हणजे, त्याचं नख पाहिलं.

महापालिकेच्या शाळेत शिबिर होतं.
अक्षरांच्या शेवटच्या ओळीवर मी अंदाज ठोकला,
डॉक्टरीण हसली,
"अंदाज नको, दिसेल तेवढंच सांगा."
मग बॅटरी, मग थेंब, मग म्हणाली,
चष्मा लागेल, तो भाजीने जायचा नाही.
तरी पालेभाजी खा, गाजर, लाल भोपळा,
थोड्या तेलात परतून.
आणि आठ दिवसांनी येऊन विचारू नका काय फरक पडला;
पडदा जपायचाय,
म्हातारपणापर्यंत.

पडदा म्हणाली.
मला वाटलं, मग तोही सुताचाच असणार.

तेव्हापासून कन्ना चौकातून येताना
पिशवीत काहीतरी हिरवं असतं:
करडईची कोवळी पानं, चाकवत,
नाहीतर अंबाडी. घरात तिला गोंगूर म्हणतात,
सासऱ्यांना मराठी नावाने ती अजून आंबट लागत नाही.

शेवग्याचा पाला मात्र फुकट.
बोल्लींच्या भिंतीवरून फांदी आमच्या अंगणात वाकते,
आणि नरसूबाई गच्चीवरून ओरडते,
"पाला घे गं, शेंगा सोड!"

कडक भाकरी, लसूण, शेंगदाण्याचं कूट,
चमचाभर तेल जास्तीचं, डॉक्टरीणबाईंच्या नावावर.
जेवताना पोरगा विचारतो, "आज किती दिसतंय?"
कालच्याइतकंच, मी म्हणते.
तेही काय थोडं आहे?

रात्री चष्मा लावून अंबाडी निवडते.
एकेक पान उलटं करून, दिव्याकडे धरून.
सवयच ती.
शिरा सरळ, वीण घट्ट,
आणि मधोमध अळीने पाडलेलं भोक,
कडा अगदी नीट कातरलेली.

टेबलावर असतं तर बाजूला टाकलं असतं.
त्या भोकातून थोडा वेळ
दिव्याकडे बघत बसले,
मग कढईत टाकलं.

पास.