रकाना क्रमांक सात

पणजीहून फॉर्म आलाय.
कारागृह रक्षकांना पोलिसांचे अधिकार द्यावेत काय,
याबाबत आपले मत. रकाना सात, ओळी तीन.
तिसरी ओळ झेरॉक्समध्ये अर्धी कापलेली.

शाणू केरकर म्हणतो, हो लिही आणि मोकळा हो.
अधिकार आला की भत्ता येईल मागून,
पोदेराच्या सायकलीमागून कुत्रा येतो तसा.

कोलवाळच्या मोठ्या दाराला उंबरा नाही,
जमिनीत लोखंडी पट्टी आहे, चार बोटं रुंद.
तिच्या आत मी खाकरलो
तरी पन्नास माणसं रांगेत सरळ होतात.
तिच्या बाहेर
कदंबाचा कंडक्टर मला सुट्टे पैसे मागतो.

गेल्या साली म्हापशात, शुक्रवारच्या बाजारात,
एका पोरानं एका बाईच्या पर्सला हात घातला.
मी मनगट धरलं, सवयीनं, अंगठा आत दाबून.
लोक जमले. तू कोण रे?
सांगितलं.
"तुरुंगातला? मग आत आला की धर त्याला."
पोरगाही हसला.
सोडला. बांगडे घेतले आणि घरी आलो.
एवढं तीन ओळींत बसेल, अक्षर बारीक काढलं तर.

आग्नेलची रात्र बसत नाही.

आग्नेल फुर्ताद, कामुर्लीचा, कच्चा कैदी.
घरफोडीची केस, अकरावा महिना.
रात्री एक वीसला त्यानं गजावर चमचा वाजवला.
कांगावा करणारे जोरात वाजवतात.
हा हळू वाजवत होता,
बाकीचे उठू नयेत म्हणून.
घाम कपाळावर नव्हता, वरच्या ओठावर होता.

गाडी होती. ड्रायव्हर जागा होता.
इस्पितळ पंधरा मिनिटांवर.
एस्कॉर्ट नव्हता.
पट्टीपलीकडचा कैदी पोलिसांचा, असं पुस्तक सांगतं.
फोन केला. निघालेत, म्हणाले.
परत केला.
निघालेत.

त्याला दारापर्यंत आणून बाकावर बसवला.
त्याचं डोकं माझ्या खांद्यावर, बिल्ल्याच्या जरा वर.
"साब, जाय जाल्यार बेडी घाल. धांवचों ना हांव."
कमरेला सतरा चाव्या होत्या.
अंधारात नुसत्या बोटांनी ओळखतो मी एकेक.
बाहेरच्या दिव्याखाली पाखरं
पट्टीच्या अलीकडे पलीकडे, अलीकडे पलीकडे.

दोन सतराला उजेड वळला.
हवालदारानं आधी सही मागितली,
मग कैदी.
करासवाड्याच्या अलीकडेच संपलं, असं सकाळी कळलं.
चौकशीत विचारलं, तुम्ही दार का उघडलं नाही?
म्हटलं, अधिकार नव्हता.
बरोबर, असं लिहून घेतलं त्यांनी.
ते "बरोबर" अजून माझ्या अंगावर आहे,
धुतलेल्या युनिफॉर्मला येतो तशा वासासारखं.

तर हो लिहावं.
पण शाणूही हो लिहिणार,
आणि आठ नंबरच्या बराकीत, कॅमेरा बिघडलेला असताना,
शाणूचे हात काय करतात ते मी ऐकलंय.
ऐकलंय, आणि रजिस्टर भरत बसलोय.
ते हात तिंट्यावर सोडायचे?
आणि त्या पोराच्या मनगटावरचा माझा अंगठा,
तोही कुठे विचारून गेला होता.

फॉर्म धरण्याबद्दल विचारतो,
पकडणे, झडती, अटक.
उघडण्याबद्दल रकाना नाही. उलटून पाहिलं,
मागची बाजू कोरी.

आग्नेलची आई आली होती सामान न्यायला.
दोन शर्ट, रोझारी, चष्म्याची एक काडी.
यादी वाचली, तिनं अंगठा दिला.
चमचा यादीत नव्हता, चमचा सरकारी.
मी शर्टाच्या घडीत सरकवला.
कुणाला विचारलं नाही.

साठा नोंदवहीत तेव्हापासून एक चमचा कमी येतो.
दर तीन महिन्यांनी जेलर साहेब विचारतात,
दर तीन महिन्यांनी मी म्हणतो, शोधतोय.

फॉर्म पाचच्या आत पाठवायचाय.
आता साडेचार.
नाव लिहिलंय. बिल्ला नंबर लिहिलाय.