जे अधिक असेल ते

शीतलामाता बाजारात दुकानदारानं
माहेश्वरी उलगडली, काठावर बोट फिरवत म्हणाला,
दोनों तरफ से पहन लो भाभी.
गर्द जांभळी. तीन हजार नऊशे वीस.

मनातल्या मनात बेरीज केली होती मी:
पाण्याची मोटर, नंदूमामांचा चष्मा,
वन्संच्या साठीचं पाकीट,
चिन्मयची अक्कलदाढ
(अक्कल फुकट येते, काढायला साडेसहा हजार).
शाळेच्या ऑफिसात तेवीस वर्षं
फीच्या पावत्या फाडते मी,
बेरीज चुकत नाही.
त्या दिवशी चुकली.
किंवा चुकू दिली.

वाटलं होतं, जास्त झालं तर मशीन सांगेल.
टूं टूं करेल,
दुकानदार साडीची पुन्हा घडी घालेल
आणि मी म्हणेन, अहो, नेटवर्कच नाही आज.
एवढीशी लाज खर्च करून
राजवाड्यापर्यंत चालत येईन.

मशीननं जिभेसारखी पांढरी पट्टी बाहेर काढली.
मंजूर.

बिलावर लिहिलं होतं:
मर्यादा चाळीस हजार.
वापर चाळीस हजार दोनशे साठ.
मर्यादा ओलांडल्याचं शुल्क,
जादा रकमेच्या अडीच टक्के किंवा पाचशे रुपये,
जे अधिक असेल ते.

दोनशे साठचे अडीच टक्के
मी पावतीच्या पाठीवर मांडले.
साडेसहा रुपये.
साडेसहा आणि पाचशे, यांत अधिक कोण,
ते आमच्या शाळेतलं पहिलीचं पोरही सांगेल.
वर त्या पाचशेवर सरकारचे नव्वद.

फोनवरची मुलगी गोड होती.
मॅम, आपने सहमति दी थी.
चौदा मार्च, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं.
तिनं ऐकवलं:
कुकरची तिसरी शिट्टी
आणि तिच्या पुढं माझाच आवाज,
हां हां, ठीक है, हो हो.

फोन ठेवण्यासाठी म्हणतात तसा तो हो.
असा मी किती ठिकाणी म्हटलाय.
निवडणुकीच्या ड्यूटीला, भिशीच्या पहिल्या नंबराला,
रामबागेतल्या त्या बैठकीत,
चहाचा ट्रे अजून हातातच होता तेव्हा.
माझ्या हो-ला आजवर कुणी किंमत दिली नव्हती.
बँकेनं दिली.

मल्हारगंजात भँवरलालजींचं दुकान होतं.
आईची वही त्यांच्याकडे, लाल कापडी पुठ्ठ्याची.
एका पानाच्या तळाशी आले की
पेन्सिल कानामागं खोचायचे
आणि म्हणायचे, बस भाभीजी. पहले पिछला.
सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.
आईचे कान लाल व्हायचे,
रिकामी पिशवी घडी करून ती पदराखाली घ्यायची
आणि रस्ताभर त्यांना शिव्या द्यायची.
त्या संध्याकाळी वरण फोडणीविना.
पण त्या बस-चे पैसे
त्यांनी वहीत कधी मांडले नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
हे अंथरूण मात्र झोपेत आपोआप वीतभर वाढतं
आणि सकाळी
त्या वीतभराचं भाडं मागतं.

मी म्हटलं, ती सोय बंद करा.
मुलगी म्हणाली, मॅम, सोच लीजिए, इमरजेंसी में
पेमेंट रुक जाएगा.
रुकने दो, म्हटलं.
कुकर नव्हता, दार लावलेलं होतं,
एकेक शब्द सावकाश.
त्याचंही रेकॉर्डिंग असेल त्यांच्याकडे.

परवा औषधाच्या दुकानात
मशीन टूं टूं वाजलं.
मागं चार माणसं, एकाच्या कडेवर तापलेलं बाळ.
माझे कान आईसारखे तापले.
आंटी, नहीं हुआ, पोरगा म्हणाला.

पर्सच्या आतल्या कप्प्यातून
मी शंभराच्या तीन नोटा काढल्या,
सरळ केल्या, मोजल्या, दिल्या.

साडी अजून नेसलेली नाही.
फॉल लावायला टाकायचीय.
त्याचे दीडशे. रोख.