धन

विट्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून
दर गुरुवारी एक कॅन येतो माझ्याकडे,
आत उणे एकशे शहाण्णव अंशांचा नायट्रोजन,
झाकणावर खडूनं लिहिलेलं: एच.एफ.
डॉक्टर बाबरांसाठी ती होल्स्टीन गाय,
माझ्यासाठी हायड्रोजन फ्लोराइड.
दोघंही आपापल्या एच.एफ.ला
हातमोजे घालूनच हात लावतो.

तात्यांनी एकतीस वर्षं कोइमतूरला गलाई केली.
सोनारांच्या दुकानातला केर, राख, तुटकी जोडवी,
आणि नायट्रिकच्या तांबूस वाफेत उभं राहून
वेगळं काढलेलं सोनं, दुसऱ्याचं.
त्यांची बोटं अजून पिवळी आहेत.
विचारतात, तुझं ॲसिड आमच्यापेक्षा कडक?
मी शून्यं मोजायला लागते,
ते हात वर करतात, पुरे.
"मग सोनं विरघळत असेल."
"सोन्याचं माहीत नाही तात्या. मेणबत्ती विरघळते."
ते हसले.
रात्री जेवताना पुन्हा हसले.

मेण म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्यालासुद्धा हे आम्ल बळेच एक प्रोटॉन देतं,
आणि मग उरतो तो,
कार्बनचा धन आयन.
धन म्हणायचं, आणि आहे काय,
तर दोन इलेक्ट्रॉनांची रिकामी जागा.
पाण्यात डोळ्याचं पातं लवायच्या
कितीतरी आधी संपतो,
जो भेटेल त्याला धरतो.
फळ्यावर मी त्याला कंसात लिहिते
आणि मुलं वहीत कंस गाळतात.

महाआम्लात मात्र टिकतो.
का, ते सांगताना मी दरवर्षी अडखळते.
आम्ल जहाल आहे म्हणून, हे अर्धंच.
प्रोटॉन देऊन मागे राहिलेला तो दुसरा,
अँटिमनी आणि फ्लोरीनचा थोराड आयन,
नुसता शेजारी बसून राहतो.
ऋण आहे, तगादा नाही.

काल टेफ्लॉनची नळी कॅनमध्ये सोडून
हणमंत हसबे जीपमध्ये मागे बसला,
कोल्हापूरपर्यंत कॅन दोन्ही गुडघ्यांत धरून.
प्रत्येक गतिरोधकाला
त्यानं ड्रायव्हरचं खानदान काढलं.

यंत्रावर दोनच रेषा उठल्या.
मधल्या दोन कार्बनांवर तीन हायड्रोजन,
त्यातला एक सारखा इकडून तिकडे,
इतक्या झपाट्यानं
की दोन घरं यंत्राला एकच वाटतात.
ऑपरेटर म्हणाला, मॅडम, नमुना खराब आहे का?
मला रेशनकार्ड आठवलं:
नावं विट्यात, माणसं कोइमतूरला,
आणि जनगणनेवाला उंबऱ्यावर पेन धरून.
म्हटलं, नाही. बरोबर आहे.
आणखी वीस अंश खाली न्या.

तेवढ्यात बाबरांचा फोन,
कॅन कधी देताय?
लेंगऱ्याची एक गाय माजावर आलीय,
उद्या सकाळपर्यंतच वेळ आहे.

मी यंत्राकडे बघितलं. मग घड्याळाकडे.
गार सोड्यात, थेंब थेंब, धूर निघत,
संपवला.
साडेआठला तासगावच्या पुढे
हसबे झोपला होता,
कॅनवरचं एच. पुसलं गेलं होतं,
एफ. तेवढं उरलं होतं.