ट्रॉलीमागचं अक्षर

तीस वर्षं मी ट्रॉल्यांच्या मागं लिहीत आलोय.
‘वाट सोड, मालक आलाय.’
‘जळणाऱ्यानं जळावं, आम्ही पळणार.’
पिवळ्यावर लाल, लालला काळी सावली,
कोपऱ्यात बारीक : लोहार आर्ट, फुलेवाडी.
मजकूर गिऱ्हाइकाचा, वळण माझं.
पळणार म्हणजे कुठनं पळणार,
हे कधी विचारलं नव्हतं.

गळीत सुरू झालं की रस्ता आमचा राहत नाही.
एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या,
मागची शेपटासारखी हलत,
ऊस हातहातभर बाहेर,
आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर असा
की त्याचा त्याला हॉर्न ऐकू येत नाही.
शाळेचं फाटक उघडतं ते थेट ह्याच्यात.
मधे एक गटार, त्यावर एक फरशी.

दुसरीतल्या ईश्वरी कांबळेची पाण्याची बाटली
त्या फरशीवरनं घरंगळली.
ती बाटलीमागं गेली नाही.
का गेली नाही, तिलाही सांगता येत नाही.
बाटली आता मुजावर बाईंच्या टेबलावर असते,
पापडासारखी,
झाकण तेवढं शाबूत.
येईल त्याच्या हातात बाई ती देतात.
माजी नगरसेवकाला दिली, इंजिनिअरला दिली,
कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला दिली.
सगळ्यांनी उलटीपालटी करून बघितली
आणि परत टेबलावर ठेवली.

मग मला दिली.

“पेंटर,” बाई म्हणाल्या, “चौगुल्यांच्या म्हशी
रोज दहाला इथनंच नदीला जातात.
बावीस म्हशी. रमतगमत. मधेच शेण टाकत.
एक ट्रॅक्टर हॉर्न मारत नाही.
म्हशीला थांबतात, माझ्या पोरांना का नाही?”
मी म्हणालो, “बाई, म्हशीची किंमत
सगळ्या गावाला पाठ आहे.”
बोलून गेलो, आणि जीभ चावली.
बाईंनी चहा सांगितला.

रविवारी रात्री रस्ता धरला.
एका टोकाला पालक, लाल ओढणी ताणून,
दुसऱ्या टोकाला शिपाई रंगराव, बॅटरी घेऊन.
पांढऱ्याचे पाच डबे, पदरचे.
(हे सांगायचं नव्हतं.)
इंजिनिअरनं माप चिठ्ठीवर दिलेलं :
अर्धा मीटर पांढरं, अर्धा मीटर मोकळं.
सुतळी मारली. ईश्वरी आईबरोबर आलेली, जागीच.
म्हटलं, चाल बघू.
तिचा पाय दर खेपेला मोकळ्यात पडला.
सुतळी उचलली, अलीकडं घेतली.
परत चाल.
अजून अलीकडं.
वीत आणि चार बोटांवर तिचा पाय पोचला.
चिठ्ठी खिशात घातली.

साडेबाराला संभा खोत आला,
भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन.
ओढणी बघून थांबला, स्पीकर बंद केला.
“लोहारमामा, तुमी हितं? वाळायला किती येळ?”
मी त्याच्या ट्रॉलीमागं गेलो, बॅटरी मारली.
आम्ही पळणार.
माझंच अक्षर. ‘ळ’चा फुगा जरा जास्तच झालेला.
म्हटलं, तासभर बस.
बसला. मोळीतला एक ऊस उपसला,
दातानं सोलून पोरीला कांडं दिलं.

पट्टे नियमात बसत नाहीत, इंजिनिअर म्हणाला,
लेखी कळवतो.
अजून कळवायचाय.
पोरांनी आपला नियम केलाय :
पांढरी जमीन, काळा पूर.
काळ्यावर पाय पडला तो वाहून गेला.
म्हणून जपून, एकेक पट्टा मोजत जातात,
वेळ लावतात.
तोवर ट्रॅक्टर उभे,
त्यांच्यामागं दुधाच्या गाड्या,
सगळ्यात मागं म्हशी.

सगळेच थांबतात असं नाही.
निम्मा रंग तर ह्याच हंगामात
टायरांना लागून कारखान्यावर गेला.
एक डबा उरलाय.
झाकण ठेवलंय वर, ठोकलेलं नाही.