अर्ध्या हळकुंडाने

लेस्टरच्या प्रयोगशाळेत माझं काम साधं.
सदतीस अंशांच्या कपाटात पेशी सांभाळायच्या,
दिवसाआड गुलाबी पाणी बदलायचं
आणि मोजायचं. वहीत एक रकाना असतो : वाढ.
कुणा बाईच्या आतड्यातल्या आहेत म्हणे.
बाई जाऊन कितीक वर्षं झाली,
पेशींना कुणी कळवलेलं नाही.

मंगळवारी त्यांच्यात हळदीचा अर्क सोडला.
गुरुवारी निम्म्याच उरल्या होत्या.
मी दोनदा मोजल्या.
फियोना म्हणाली, ब्लीच ओतलं असतंस तरी मेल्या असत्या.
खरं आहे. बशी म्हणजे बाई नव्हे.
पोटात गेलेली हळद रक्तात पोचेपर्यंत
मोठ्या पंगतीतल्या तुपासारखी,
शेवटच्या पानावर नुसता वास.
मिरीचा वशिला लावला तर थोडी पुढे सरकते, एवढंच.

आणि शनिवारी शेजारची डोरीन दारात,
डोक्याला पांढरा स्कार्फ, हातात वर्तमानपत्राचं कात्रण.
अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला कागद तो.
चौथी केमो झाली होती.
"तुमच्यात हे रोज खातात ना? मग तुम्हाला होत नसेल."

सांगलीच्या हळदबाजारात जन्म काढलेल्या
आमच्या नलूवन्संचं मी बोलले नाही.
पी हळद नि हो गोरी,
ही म्हण कशी समजवायची
जी आधीच कागदासारखी पांढरी पडली आहे तिला?

म्हटलं, त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत,
औषधाशी भांडतात कधीकधी.
"मग मी काय करू?"
बस, म्हटलं. वरण फोडणीला टाकते.

मोहरी तडतडली तशी दचकली,
हिंगाला नाक मुरडलं,
मग गप्प बसून वास घेत राहिली.
तीन आठवडे तोंडात नाण्यांची चव होती, म्हणाली,
चहासुद्धा पितळेचा लागायचा.

मऊ भात, वरण, लिंबाची फोड.
स्कार्फचं टोक वाटीत बुडलं.
हा डाग जात नाही, मी सांगितलं.
तिनं ते टोक उजेडात धरून पाहिलं, काही बोलली नाही.

यातून सिद्ध काहीच होत नाही.
सोमवारी नवी बशी, नवा आकडा,
फियोना पुन्हा तेच म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल.
पण डोरीननं रिकामी वाटी पुढे केली
आणि बोलली तिच्या भाषेत,
मी ऐकलं माझ्या :
अजून थोडं वाढ.