पाऊण इंची

तिसऱ्या हिवाळ्यात इमारतीतले पाइप मीच उखडले.
पाऊण इंची, जस्ताचा मुलामा दिलेले.
अठ्ठ्याहत्तर साली बसवलेही मीच होते.
पाणी तसंही येत नव्हतं.

हातभर कापायचा, आतून घासायचा,
मागे दाराची स्प्रिंग आणि एक खिळा.
एका वेळी एक गोळी,
तीही सुटली तर.

एक अल्मिरच्या हातातच फुटली.
भाचा माझा. आता तीन बोटांत सिगरेट धरतो
आणि म्हणतो, मामा, तुझा नळ गळका निघाला.

पुलाखाली द्रिनात आम्ही चाकं सोडलीत,
वॉशिंग मशीनच्या मोटारी त्यांना जोडून.
नदी फिरली की रेडिओ बोलतो.
आज तो म्हणतो, समुद्रापलीकडे कुठेतरी
मतदान आहे,
आम्हाला हत्यारं विकायची बंदी उठवावी की नाही.
एक गृहस्थ म्हणाले, हे आगीत तेल ओतणं होईल.
आवाज चांगला होता त्यांचा, जेवलेला.

साहेब, तेलाचे पिंप डोंगरावर आधीच पोचलेत.
जुन्या फौजेच्या तोफा, रणगाडे, गोदामांच्या किल्ल्या,
सगळं त्यांच्याकडे.
तुमची बंदी दोघांना सारखी,
म्हणजे काठावरच्याला आणि बुडणाऱ्याला
सारखंच, हात द्यायचा नाही.

हे मी मोठ्याने बोललो असणार,
कारण देसांका जिन्यात थांबली.
चौथ्या मजल्यावरची.
तिच्या घरचा पाइप काढायला मी कचरत होतो
तेव्हा पाना तिनेच आणून दिला होता.
तिचा मिलेंको डोंगरावर आहे, पलीकडच्यांत.
सगळ्या मजल्यांना हे ठाऊक आहे
आणि सगळे मजले तिला पीठ उसनं देतात.

ती म्हणाली, शेफ्को, चांगल्या बंदुका आल्या
तर त्या लांबवर लागतील ना?
लागतील.
किती लांब?
मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.
म्हटलं, तेवढ्या.

ती बादली घेऊन वर गेली,
दर मजल्यावर टेकत.

मला विचाराल तर, उठवा.
उद्या विचारलंत तरी हेच सांगेन.
पण बोलताना आवाज फुटतो तो
बरेच दिवस बंद असलेल्या नळासारखा,
आधी हवा, मग गंज,
मग तांबडं पाणी.

रेडिओवर देशांची नावं सुरू झाली.
होय. होय. तटस्थ.
आणि आवाज बसत गेला.
नदीत बर्फ धरलं होतं, चाक अडकलं.
अल्मिर पहार घेऊन धावला, शिव्या घालत,
त्याने ते सोडवलं तोवर
रेडिओ हवामानावर आला होता.
उद्या आमच्या भागात आकाश निरभ्र.
कोणी काही बोललं नाही.
निरभ्र म्हणजे काय, ते लहान मुलांनाही कळतं इथे.

मी पुढचा पाइप पकडीत धरला.
त्याच्या टोकाला आटे तिरके पडलेले,
त्यांवर ताग दुप्पट गुंडाळलेला, अजून तेलकट.
अठ्ठ्याहत्तर साली एक सोळा वर्षांचं पोरगं होतं हाताखाली,
पहिल्याच दिवशी आटे चुकवून रडायला आलं होतं,
मी म्हटलं होतं, राहू दे रे,
गुंडाळू ताग, कोण बघतंय आत.

करवत हातात होती.
आट्यांच्या अलीकडे कापायचं की पलीकडे,
एवढंच राहिलं होतं ठरवायचं.